बिरू हाक्केच्या गाडीचा फिल्टर

“म्हणजे लोकलच खराब, असंच ना वस्ताद? तेवढं फक्त मालकासमोर म्हणा. बाकी मी बघतो.”

प्रवीण खोचरेने दोन ऑइल फिल्टर बाकड्यावर ठेवले. ठेवले कसले, आपटले. एक कंपनीचा, खोक्यातून नुकताच काढलेला. दुसरा लोकल, काळ्या तेलाने माखलेला.

दस्तगीर वस्ताद चहा पीत होते. पीतच राहिले.

मी शेजारचा टायरवाला. गोकुळ शिरगावच्या ट्रक अड्ड्यावर वस्तादांच्या शेडला लागून माझं पंक्चरचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. हा प्रवीण वस्तादांच्याच हाताखाली शिकला. नऊ वर्षं होता. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे आणि बोर्डावर त्याचा स्वतःचा फोटो आहे. मिस्त्रीचा फोटो बोर्डावर कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही. असो.

“कुठली गाडी?” वस्तादांनी विचारलं.

“बिरू हाक्के चालवतो ती. रत्नागिरीहून चिरे भरून येत होता. आंबा घाटात ऑइल सगळं रस्त्यावर. इंजिन जाम.”

“आणि बिरू?”

“त्याला काय झालंय? धड आहे की.”

वस्तादांनी कप खाली ठेवला.

“फिल्टर कोणी बसवला?”

“बसवला मी. पण आणला त्यानं! माझ्याकडं कंपनीचा संपला होता. म्हटलं, उद्या ये. तर हा पठ्ठ्या बाजारातनं हे डबडं घेऊन हजर. मालकाला विचारलंसुद्धा नाही. आता मालक चार वाजता इथं येतोय. म्हणतोय, दस्तगीर वस्ताद सांगतील तेच खरं.”

हे मात्र बरोबर होतं. अड्ड्यावर वस्तादांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्यांनी लोकल फिल्टरवर बोट ठेवलं की बिरूच्या हातातलं स्टिअरिंग गेलंच. हाच मालक नव्हे, अड्ड्यावरच्या कुठल्याच मालकाने मग त्याला गाडी दिली नसती. अठ्ठावन्न वर्षांच्या ड्रायव्हरला तसंही कोण विचारतं?

बिरू समोरच होता. ओढून आणलेल्या ट्रकच्या सावलीत सकाळपासून बसला होता. आमचं बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं, पण नजर इकडेच होती.

“हे बघा वस्ताद.” प्रवीणने लोकल फिल्टर उचलला. “असाच एक मी करवतीनं कापून बघितलाय. कंपनीच्या कागदाला घड्या किती आणि ह्याला किती! गाडी बंद झाली की आत ऑइल धरून ठेवणारा पडदा असतो. तो ह्याच्यात म्हणजे नुसता नावाला. लोकांना कळत नाही हो…”

सगळं बरोबर सांगत होता. पोरगा हुशार आहे, ते नाकारून चालणार नाही. त्याचं कापणं, मोजणं सगळं खरं. पण बोलताना तो वस्तादांना शिकवत होता आणि मला तेच डोक्यात जात होतं.

वस्तादांनी फिल्टर हातात घेतला. गोल फिरवला.

“पत्रा फुटलाय कुठं?”

“पत्रा नाही फुटला. रबर गेलं. बघा की, एका बाजूनं रिंग बाहेर आलीय.”

वस्तादांनी रिंगमध्ये नख रुतवलं. रबर दबलं आणि पुन्हा वर आलं.

“रबर चांगलं आहे.”

“चांगलं आहे तर बाहेर कसं आलं?”

वस्तादांनी फिल्टर बाकड्यावर ठेवला.

“सांगा की वस्ताद. कुठला चांगला? कंपनीचा की लोकल? एका शब्दाचं काम आहे.”

“मला उठव,” वस्ताद म्हणाले.

“कशाला?”

“गाडीकडं जाऊ.”

“गाडीकडं काय आहे आता? फिल्टर मी सकाळीच खोलून आणलाय.”

“गुडघे धरलेत रे बाबा… हात दे.”

प्रवीणने हात दिला. मीही उठलो. माझ्याकडे एक टायर पडला होता, पण तो कुठे पळून जाणार होता?

आम्ही जवळ गेलो तसा बिरू उभा राहिला. डोळे लाल. दोन रात्री झोपलेला नसावा.

“वस्ताद, ऑइलची लाल लाईट लागली तशी मी बंदच करणार होतो. पण चढ होता, मागं एसटी होती. गाडी मागं सरली असती तर… वळण काढलं आणि मग थांबवली. चाकाखाली दोन चिरे टाकले. तोवर इंजिन गेलंच होतं. एसटीत माणसं होती वस्ताद, म्हणून…”

“खाल्लंस काही?”

“नाही.”

“जा, टपरीवरनं सगळ्यांना चहा घेऊन ये. आधी तू पी.”

बिरू गेला. रस्ता ओलांडताना दोनदा मागे वळून बघितलं त्याने.

वस्ताद ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ आले.

“प्रवीण, आत हात घाल.”

“कुठं?”

“फिल्टर बसतो तिथं. त्या बैठकीवरनं बोट फिरव. पुरा एक फेरा.”

“वस्ताद, मी काय काल लागलोय कामाला?”

“फिरव.”

प्रवीणने शर्टाची बाही वर केली, चाकामागून वाकला आणि हात आत घातला. तोंडाने पुटपुट चालूच होती. मालकाला काय सांगायचं, कसं सांगायचं.

मग पुटपुट थांबली.

बोट कुठे तरी अर्ध्यात अडकलं होतं. चेहरा मला एका बाजूने दिसत होता. नाकावर घाम आला होता.

“काय आहे?” वस्तादांनी विचारलं.

प्रवीण तिथंच बोटानं चाचपत राहिला.

“नखानं ओढ.”

प्रवीणने हात बाहेर काढला. बोटांत एक काळी रबरी रिंग होती. चपटी झालेली, एका ठिकाणी चिरलेली. तेल टपकत होतं.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुना फिल्टर खोलला की कधी कधी त्याची रिंग वरच चिकटून राहते. तेलाने काळी झालेली असते, डोळ्याला दिसत नाही. ती न काढता नवा फिल्टर चढवला तर रबरावर रबर बसतं. थोडे दिवस गाडी चालते. चढाला जोर पडला की नवी रिंग सरकते आणि मिनिटाभरात सगळं ऑइल बाहेर. मग फिल्टर कंपनीचा असो, नाहीतर सोन्याचा असो.

म्हणून नवा फिल्टर लावण्याआधी बोट फिरवायचं. वस्तादांच्या शेडमध्ये हे पहिल्या दिवशी शिकवतात. प्रवीणला शिकवताना टपली मारलेली मी पाहिली आहे.

“ही कंपनीच्या फिल्टरची आहे,” प्रवीण म्हणाला. का म्हणाला, कोण जाणे.

“हो.”

“बिरू घाई करत होता… फोन चालू होता माझा. मान वाकडी करून बोलत होतो आणि हातानं…”

“हं.”

प्रवीणने मूठ मिटली. इकडेतिकडे बघितलं. अड्ड्यावर दुपारची सामसूम होती. दोन क्लीनर एका ट्रकखाली झोपले होते.

“वस्ताद… तुम्ही, मी आणि हा.”

हा म्हणजे मी. मी लगेच ट्रकच्या टायरची हवा बघायला लागलो. कान काही बंद करता येत नाहीत.

“चौथ्याला कळायचं काय कारण? लोकल फिल्टर खराब असतातच की. खोटं काय त्यात? मी कापून बघितलाय.”

वस्ताद त्याच्या मुठीकडे बघत होते.

“बोर्ड लावून आठ महिने झालेत हो. अजून लोक मला दस्तगीरचा पोरगा म्हणतात. आत्ता कुठं गाड्या यायला लागल्यात. हे बाहेर गेलं तर कोण गाडी लावील माझ्याकडं? बिरूचं काय, चार दिवसांनी कुठंतरी लागेल तो…”

खरं सांगतो, मला त्याचा राग यायला हवा होता आणि आला तो माझाच मला. कारण मला त्याची दया आली होती. नऊ वर्षं डोळ्यासमोर वाढलेलं पोर.

वस्ताद तिथेच पडलेल्या स्टेपनीवर बसले. बसताना ‘या अल्ला’ म्हणाले.

“मीही केलंय हे,” ते म्हणाले.

प्रवीणने वर बघितलं. मीही बघितलं. बावीस वर्षांत हे माझ्या कानावर आलेलं नव्हतं.

“मिरजेत होतो तेव्हा. अशीच रिंग वर राहिली. अशीच गाडी गेली.”

“मग?”

“रिंग खिशात घातली.”

“आणि मालकाला?”

“सांगितलं, ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं. लाईट लागली तरी चालवत राहिला.”

“मालकानं मानलं?”

“लगेच.”

“…मग काय झालं?”

“काय व्हायचंय? त्याच्या हातातली गाडी सुटली. माझं नाव झालं. दस्तगीर खरं ते तोंडावर सांगतो म्हणून.”

टपरीवर बिरू ग्लास मोजून घेत होता. लांबून दिसत होता.

“तो माणूस आता कुठं आहे?” प्रवीणने विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

“मिरजेच्या बाजारात. हमाली करतो. सव्वीस वर्षं झाली.”

“त्याला कळलं का कधी?”

“नाही.”

“भेटता तुम्ही?”

“दिसतो कधी कधी.” वस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. “मी दिसलो की पाठीवरचं पोतं खाली उतरवतो… आणि सलाम करतो मला.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“पासष्टीचा आहे रे तो. उतरवलेलं पोतं पुन्हा एकट्यानं चढवतो. मी उभा राहून बघतो.”

“तुम्ही सांगत का नाही त्याला?”

“दर वेळी जातो ते सांगायलाच जातो.”

“मग?”

“त्यानं सलाम केला की धीर सुटतो.”

प्रवीण ट्रकला टेकला. मिटलेल्या मुठीतून तेलाचा ओघळ मनगटावर आला होता, बाहीला लागत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

रस्त्यापलीकडून बिरू निघाला. दोन्ही हातांत चार ग्लास धरून, हिंदकळू नयेत म्हणून पाय जपून टाकत येत होता. एक ट्रक गेला तेव्हा दुभाजकावर थांबला, ग्लास पोटाशी धरले आणि पुन्हा चालायला लागला.

“वस्ताद,” प्रवीण म्हणाला, “मालक यायला अजून तास आहे.”

“आहे.”

“मालकाला मी सांगतो. तुम्ही काही बोलू नका.”

“बरं.”

“पण आधी… बिरूला काय म्हणू? सुरुवात कशी करू?”

वस्तादांनी मान हलवली. ठाऊक नाही, अशी.

बिरू रस्ता उतरून अड्ड्यात आला. चेहऱ्यावर हसू आणलं होतं त्याने, उसनं. “घ्या मिस्त्री,” लांबूनच म्हणाला, “तुमच्यात आलं जास्त घातलंय.”

प्रवीण दचकला. आपल्या हाताकडे बघितलं. काळा हात, काळी मूठ, मुठीत ती रिंग. तो चटकन पाण्याच्या पिंपाकडे वळला. तिथे साबणाच्या पावडरचा डबा असतो. डब्यात हात घालणार, तेवढ्यात वस्ताद बोलले.

“धुऊ नकोस. तसाच जा.”