कमळाच्या पानावर दोन थेंब

“आणि तुझे ते विजेचे थेंब थकतात कधी?” भन्ते रेवतांनी विचारलं.

“दोन्हीकडचं मीठ सारखं झालं की,” उत्पला म्हणाली. “अर्ध्या तासात.”

विहाराच्या पायरीवर दोघं बसली होती. समोर तळं. दुपार इतकी निवांत, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

उत्पला भन्तेंची शिष्या. लहानपणी त्यांच्याजवळ ध्यानाला बसायला शिकली, पुढे शहरात संशोधक झाली.

भन्तेंच्या छातीत हृदयाची गती सांभाळणारं यंत्र होतं. त्याची बॅटरी संपत आली की छाती पुन्हा चिरायची. दोनदा चिरून झाली; मागच्या खेपेला जखम चिघळली. आताची बॅटरीही संपत आली होती; पण तिसऱ्यांदा नको, पुरे झालं, असं त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं होतं.

ते कळल्यापासून उत्पला प्रयोगशाळेतून घरी अशी गेलीच नव्हती. ज्वारीच्या दाण्याहून लहान, मऊ बॅटरी ती करत होती. एक खारट थेंब, एक गोड्या पाण्याचा, मध्ये सायीसारखा पडदा. मीठ एकातून दुसऱ्यात झिरपतं, त्या वाटचालीतून वीज निघते. पुढे ही बॅटरी शरीरातल्याच मिठावर चालेल, शरीराला परकी वाटणार नाही, हे ती अभिमानानं सांगत होती. इतरांना दहा वर्षं लागतील, मी दोन वर्षांत करीन. तोवर नेहमीची बॅटरी बसवून थांबा, एवढंच तिचं मागणं.

भन्ते म्हणाले, दाखव.

तिनं पिशवीतून सामान काढलं, काचेवर थेंब ठेवले. पडदा फाटला, ते एकमेकांत मिसळून गेले. पुन्हा ठेवले... पुन्हा मिसळले. ती घाईघाईनं तिसऱ्यांदा ठेवू लागली.

भन्ते उठले. सावकाश पाण्यापर्यंत गेले, कमळाचं एक पान आणलं. काच बाजूला सारून ते तिच्यापुढे ठेवलं आणि डोळे मिटून बसले.

बराच वेळ गेला... पान वाऱ्यानं हललं... स्थिर झालं.

तिनं थेंब ठेवले. या वेळी ते एकमेकांना नुसते टेकून राहिले. केसाएवढ्या दोन तारांनी तिनं ते मीटरला जोडले.

“काटा हलला, भन्तेजी.”

दोघं मीटरकडे बघत राहिली. काटा हळूहळू उतरत गेला, झोप लागल्यासारखा... आणि शून्यावर आला.

उत्पलाचे डोळे भरून आले. दोन वर्षांत हे होणार नाही, असं ती म्हणाली. तिला ते आधीपासून ठाऊक होतं.

भन्तेंनी पान उचलून पाण्यावर सोडलं. मग म्हणाले, डॉक्टरांना कळव, या महिन्यात येतो. नेहमीचीच बॅटरी बसवू दे.

“पण तुम्ही तर पुरे म्हणाला होतात...”

“माझं पुरे झालंच होतं,” भन्ते म्हणाले. “तुझं अजून व्हायचंय.”