हेरदीस आणि दर्यादेवाचा हंडा

फार फार वर्षांपूर्वी, पार उत्तरेला, जिथे समुद्र डोंगरांच्या कुशीत घुसून बसलाय, तिथे स्कारविक नावाचं कोळ्यांचं गाव होतं. त्या गावात हेरदीस राहायची. हेरदीस कोण, असं तिथल्या शेंबड्या पोराला जरी विचारलंत तरी ते आधी दोन्ही कानांवर हात ठेवील! ती अंगणात बोलली की डोंगरापलीकडच्या मेंढ्या चरायच्या थांबत, असं म्हणतात. आणि तिचा नवरा ओत्तार? तो तितकाच अबोल. तो नुसतं "हं" म्हणाला तरी शेजारी दिवसभर त्याचीच चर्चा करत.

पण जवाची बिअर करावी ती हेरदीसनेच. बिअर करणं हे त्या गावात बायकांचं काम. जवाला मोड आणायचे, त्याचं गोड पाणी काढायचं, आणि दह्याला लावतो तसं त्याला विरजण लावायचं. हे विरजण लाकडाच्या तुकड्यांच्या माळेवर वाळवून ठेवलेलं असे. माळ हंड्यात सोडली की सगळ्यांनी हंड्यात तोंड घालून ओरडायचं, अगदी जीव तोडून! ओरडलं नाही तर विरजण झोपून राहतं, अशी तिथली पक्की समजूत. हेरदीस एकटी ओरडली तरी पुरे व्हायचं. फेस थेट हंड्याबाहेर यायचा.

एकदा काय झालं, ओत्तार चार सोबत्यांना घेऊन मासेमारीला गेला आणि परतलाच नाही. वादळ नाही, वारा नाही. समुद्र थाळीतल्या पाण्यासारखा निपचित पडलेला. सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. हेरदीस सगळ्यांच्या पुढे. तेवढ्यात त्या निपचित पाण्यावरून एक इवलीशी लाट तुरुतुरु धावत आली आणि चक्क बोलायला लागली!

"मी दर्यादेव एगिरची धाकटी लेक," ती म्हणाली. "आमच्याकडे आज सगळ्या देवांना जेवण आहे आणि बाबांची बिअर काही केल्या फसफसत नाही. म्हणून तर समुद्राला फेस नाही. बिअर करणारं कुणीतरी आण, असं बाबांनी आईला सांगितलं. आईने जाळं टाकलं आणि तुमची होडी ओढून आणली."

"अगं, पण ते पुरुष!" हेरदीस ओरडली. "त्यांना नुसती प्यायला येते!"

"ते आता आम्हालाही कळलं," लाट बिचारी खाली मान घालून म्हणाली.

हेरदीसने पुढचं काही ऐकलं नाही. धावत घरी गेली, खुंटीवरची माळ काढून गळ्यात घातली आणि तशीच पाण्यात शिरली. धाकटीच्या आठही बहिणी वर आल्या. नऊ लाटांनी तिला हातोहात खाली नेलं. खाली एगिरचा वाडा! तिथे दिवा नाही, पणती नाही. जमिनीवर सोन्याच्या राशी आणि त्या सोन्याचाच लखलखाट. मधोमध एवढा मोठा हंडा की त्यात स्कारविक गाव घरादारांसकट मावलं असतं, असं म्हणतात. आणि हंड्याशेजारी पांढऱ्या दाढीचा एगिर डोक्याला हात लावून बसलेला.

"देवा, ऊठ, बाजूला हो," हेरदीस म्हणाली. तिने माळ हंड्यात सोडली, छातीत श्वास भरला आणि अशी ओरडली, अशी ओरडली, की सोन्याच्या राशी खणखणल्या! हंडा गुरगुरला, फसफसला, आणि फेस उसळून थेट समुद्रावर गेला. वर स्कारविकच्या लोकांनी पाहिलं तर काय, लाटाच लाटा!

एगिर लहान पोरासारखा टाळ्या पिटायला लागला. "घेऊन जा तुझी माणसं!"

पण त्याची बायको राण मोठी चिवट. ती जाळ्याचं तोंड घट्ट धरून उभी राहिली. "माझ्या जाळ्यात पडलेला माणूस हळूहळू स्वतःचं नावसुद्धा विसरतो," ती म्हणाली. "तू हाक मार. जो ओ देईल तो तुझा. जो देणार नाही तो माझा."

हेरदीसने हाका मारल्या. एकेक करून चौघांनी ओ दिली आणि चौघेही जाळ्याबाहेर आले. उरला ओत्तार. "ओत्तार!" तिने हाक मारली. उत्तर नाही. तिने पुन्हा मारली, रडून मारली, शिव्या देऊन मारली. वाडा हादरला, पण जाळ्यातून साधा हुंकार आला नाही. राण हसली आणि जाळ्याची दोरी ओढू लागली.

तेव्हा हेरदीसला उमगलं, की लग्न झाल्यापासून हा माणूस कधी बोललाच नाही, कारण आपण त्याला बोलायला फटच ठेवली नाही. तिचं काळीज फाटलं. तोंडावर आलेली हाक तिने गिळली आणि ती गप्प उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा, बरं का! राणच्या हातातली दोरी आवळत होती, तरी ती गप्प. ओठ दाताखाली धरून गप्प.

आणि जाळ्याच्या तळातून घाबराघुबरा आवाज आला, "हेरदीस? अगं, गप्प का झालीस? बरी आहेस ना?"

राणच्या हातून दोरीच सुटली! नऊ लाटांनी होडी उचलली आणि सगळ्यांना किनाऱ्यावर आणून सोडलं. गावाने नुसता जल्लोष केला. ओत्तार मात्र त्या दिवशी इतका बोलला, इतका बोलला, की शेवटी हेरदीसला ऐकता ऐकता झोप लागली, असं म्हणतात.

स्कारविकमध्ये अजूनही एखादी होडी वेळेत आली नाही, तर सगळं गाव किनाऱ्यावर येतं आणि होडीवरच्या माणसांना नावानिशी हाका मारतं. कुणी रडत, कुणी घसा फुटेस्तोवर. मग जमलेल्यांतली सगळ्यात म्हातारी कोळीण हात वर करते आणि म्हणते, "आता हेरदीस!" त्यासरशी सगळे गप्प होतात. आया तान्ह्यांना छातीशी धरतात, पोरं कुत्र्यांची तोंडं दाबून धरतात, आणि अख्खा किनारा पाण्याकडे कान लावून उभा राहतो.