माजघरातलं विमान

एका माळरानावरच्या गावात यशवंत नावाचा सुतार राहत होता. त्याच्या लेकीला, रेवतीला, वैमानिक व्हायचं होतं. गावाबाहेरच्या विमानशाळेत नाव घालायच्या आधीच बापानं तिला माजघरात सरावाचं विमान करून दिलं. जुना कॉम्प्युटर, हातात सागवानी दांडा, पायाखाली शिलाई मशीनचं पॅडल! रेवती तहानभूक विसरून ते उडवायची. पडद्यावरचे उंचीचे, वेगाचे काटे बघत अचूक उतरवायची.

मग विमानशाळेतलं खरं विमान हाती आलं. शेजारी शिकवायला सोहोनी मॅडम बसल्या. रेवतीची नजर काट्यांवरून हलेना.

"बाहेर काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

"आठशे फूट, मॅडम."

"अगं, ते काटा सांगतोय. बाहेर बघ!"

बाहेर एक घार समोरून येत होती. मॅडमनी झटकन विमान वळवलं म्हणून निभावलं. खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, "तुझी मान वर होत नाही, तोवर तुला एकटीला सोडायची नाही मी."

रेवती रडवेली होऊन घरी आली. "बाबा, तुमच्या या खेळण्यानं माझी सवय बिघडवली!"

यशवंतला ते फार लागलं. तो दांडा उपसायला बसला.

पाठमोऱ्या बापाकडे पाहून रेवतीला भरून आलं. विमान सुरू करायची कामं ती न अडखळता करते, म्हणून मॅडमनी शाबासकी दिली होती. ते सगळं याच खेळण्यावर शिकली होती ती. मान खाली घालायला बाबांनी थोडंच सांगितलं होतं?

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "मला फक्त एक फडकं द्या."

यशवंतनं खांद्यावरचं फडकं दिलं. त्या फडक्यानं तिनं पडद्यावरचे काटे झाकले. आता ती नुसत्या क्षितिजाकडे बघून विमान उतरवायला शिकू लागली. फडकं घसरलं की बाप ते हळूच नीट करायचा.

एका सकाळी मॅडम स्वतःच विमानातून उतरल्या. "जा पोरी, एकटी जा."

रेवतीनं माळावर एक फेरी मारली. उतरताना काट्यांवर ओझरती नजर टाकून तिनं मान वर केली. कुंपणापाशी एक माणूस वेड्यासारखा फडकं हलवत होता. घरच्या पडद्यावर ती कितीदा उतरली होती, पण तिथं बाबा कधी दिसले नव्हते. भरल्या डोळ्यांनी तिनं विमान अलगद टेकवलं.

तात्पर्य: सरावात लागलेली खोड सरावानंच जाते, तिचा राग साधनावर आणि ते मायेनं देणाऱ्यावर काढू नये.