गोंदाची म्हातारी गाय आणि ओढ्याकाठचं कुरण

फार फार पूर्वी, माळांना जेव्हा कुंपणं नव्हती, तेव्हा एका लांबरुंद माळावर गवळ्यांची वस्ती होती. तिथला पाऊस लहरी. एका साली उगवतीला पडायचा, तर दुसऱ्या साली मावळतीला. म्हणून गवळ्यांनी एक रीत पाळली होती. पाऊस झाला असेल तिकडे गुरं न्यायची. पण गवत गुडघ्याला लागल्याशिवाय चारायचं नाही, आणि अर्धं संपलं की पुढे निघायचं.

या वस्तीत गोंदा आणि त्याची बायको ठमा राहत. त्यांची कपिली नावाची म्हातारी गाय होती. तिच्या दुधावर त्यांची सगळी पोरं वाढली होती. उतारवयात तिला एक वासरू झालं, आणि तिचे गुडघेच धरले. वस्ती निघाली, तशी कपिली अर्ध्या वाटेत बसली.

गोंदाचा जीव तुटला. तिला घेऊन तो मागे फिरला आणि ओढ्याकाठच्या कुरणात खोपट बांधून राहिला. कपिलीला एकटीला करमायचं नाही, म्हणून त्याने आपली सगळी गुरंही तिथेच ठेवली. लोकांनी समजावलं, तर म्हणाला, पाऊस पडला की गवत येतंच.

पहिलं साल बरं गेलं. पण गवत बोटभर वर आलं की गुरं ते खुडून टाकत. दुसऱ्या साली पाऊस धो धो कोसळला. उघड्या जमिनीवरून पाणी तांबडं होऊन ओढ्यात गेलं. जे थोडं मुरलं, ते खोल उतरलं आणि बाभळी-बोराट्यांनी पिऊन घेतलं. सगळं कुरण हिरवंगार झालं, पण काट्यांनी. कपिलीची कास आटली. वासरू ढुशा देऊन देऊन हंबरत राही.

गोंदा आभाळावर रागावला. औंदाचा पाऊस फसवा निघाला, असं तो ज्याला त्याला सांगू लागला.

ठमा वासराच्या नाकातला काटा काढत बसली होती. ती म्हणाली, “पाऊस फसवा, तर मग ही बाभूळ काय तुमच्या घामावर वाढली, कारभारी? पाऊस आला होता. त्याला धरून ठेवायला आपण गवत ठेवलं नाही.”

“कपिलीसाठीच केलं गं मी.”

“ठाऊक आहे. म्हणून तर मीही गप्प बसले. पण तुमची माया तिला चघळता येत नाही. तिला चाराच लागतो.”

गोंदा उठला, दुधावाचून खुरटून हलकं राहिलेलं वासरू त्याने खांद्यावर घेतलं आणि वस्ती गेली होती त्या वाटेने चालू लागला. वासरू हंबरलं. कपिली धडपडत उठली. ती थोडं चाले, बसे, आणि वासराचा आवाज ऐकून पुन्हा उठे. गोंदाही तिच्यासाठी थांबत थांबत चालला, आणि ठमा बाकीची गुरं हाकत मागून निघाली.

दूरच्या माळावर गवळी हसले. एकाने विचारलं, वरात कुणाची रे ही? पण सगळ्यांनी सरकून जागा दिली. तिथल्या एका कोपऱ्यात कुणाचीच गुरं गेली नव्हती. तिथे जुनं गवत वाळून दाटलं होतं, आणि कोवळे कोंब त्याखाली गुदमरत होते. गोंदाची गुरं तिथे चरली, तुडवून गेली, आणि पुढच्या सरीला तिथेही हिरवं फुटलं. कपिलीला थोडं दूध आलं. वासरू जगलं.

ओढ्याकाठी मग कुणी गुरं नेली नाहीत. गोंदा दरसाल एकटा जाऊन काटे तोडून येई. ते कुरण सावरायला इतकी वर्षं लागली, की कपिली ते पाहायला उरली नाही.

शेवटी एका साली तिथे पुन्हा गवत डोललं. गोंदाने गुरं आत सोडली. अर्धं गवत उरलं असताना त्यानेच काठी उचलली आणि गुरं बाहेर काढली. गुरं माना वळवून मागे बघत होती. त्याला वाईट वाटलं, पण तो थांबला नाही.

जे आपल्याला पोसतं त्याला उसंत द्यावी. नाहीतर आपली मायाच आपल्या जिवलगांना उपाशी ठेवते.