तिळीचा कण आणि तारवाचं पुस्तक

एक होतं चर्च. चर्चसमोर होतं दुकान. दुकानात काय? पुस्तकं! जाडी पुस्तकं, रोडकी पुस्तकं, रडवणारी पुस्तकं, हसवणारी पुस्तकं.

दुकान होतं शांतवनकाकांचं. काका म्हणायचे, "हात पुसा आणि हवं ते वाचा. आज जो फुकट वाचतो, तो उद्या विकत नेतो!"

दुकानात एक टेबल होतं. टेबलाच्या पायापाशी एक भोक होतं. एवढुस्सं! त्यात राहायच्या दोघी बहिणी. मोठी मुंगी तिळी. धाकटी मुंगी ठिपकी.

ठिपकी इतकी लहान, इतकी लहान, की तिनं गोड म्हणून काही चाखलंच नव्हतं.

रविवार आला. उपासना संपली. माणसं दुकानात आली. सलाम काका! सलाम मावशी! सलाम, सलाम, सलाम!

काकांनी नानकटाईचा डबा उघडला. कुणीतरी नानकटाई चावली. कुर्रम्! एक कण उडाला. टप्! टेबलावर पडला.

"ठिपके, थांब हं," तिळी म्हणाली. "आज तुला गोड!"

तुरु तुरु तुरु! तिळी टेबलावर चढली. कण डोक्यावर घेतला. हुश्श! केवढा जड!

टेबलावर एक चित्रांचं पुस्तक उघडं होतं. चित्रात होतं मोठ्ठं तारू, घराएवढं जहाज! तारवात चढत होते प्राणी. दोन हत्ती, दोन जिराफ, दोन ससे. हत्तीच्या पाठीवर तिळीनं कण ठेवला. जरा दम खाऊ म्हणाली.

पुस्तक बघत होती छोटी दीना. एकटीच बघत होती. कंटाळली बिचारी. दीनाच्या घरी कुठलंही पुस्तक मिटताना 'आमेन' म्हणायची रीत. दीना ओरडली,

"आमेन!"

धप्!

तिळीनं उडी मारली. टुणकन्! तिळी बाहेर. कण आत!

आता काय करायचं? काका दुकान बंद करतील. पुस्तक कपाटात जाईल. कपाटाला कुलूप. मग ठिपकी काय खाईल?

तिळी पुस्तकाला म्हणाली,
"पुस्तकदादा, सलाम!
कण काही मिळेना,
ठिपकी माझी जेवेना!
तेवढं उघड ना!"

पुस्तक म्हणालं, "मी नाही बुवा उघडणार! मी काय आपलं आपण उघडतो? दीना हात लावेल तर उघडेन."

तिळी काय बसते? निघाली. तुरु तुरु तुरु!

दीना बसली होती स्टुलावर. पाय हलवत होती. झुल् झुल् झुल्.

"दीनाताई, सलाम!
पुस्तक काही उघडेना,
कण काही मिळेना,
ठिपकी माझी जेवेना!
तेवढा हात लाव ना!"

दीना म्हणाली, "मी नाही बाई हात लावणार! एकदा उघडलं की वाचायचंच, असं आहे आमच्याकडे. आणि मला कुठं वाचता येतं? मावशी गोष्ट वाचेल तर हात लावेन. सिंहाचा आवाज काढून वाचेल तरच!"

तिळी काय बसते? निघाली. तुरु तुरु तुरु!

दीनाची मावशी होती मार्थामावशी. खिडकीत बसली होती. हातात कादंबरी होती. डोळ्यांत पाणी होतं.

"मावशी, सलाम!
दीना हात लावेना,
पुस्तक काही उघडेना,
कण काही मिळेना,
ठिपकी माझी जेवेना!
तेवढी गोष्ट वाच ना!"

मावशी म्हणाली, "मी नाही बाई वाचणार! ही सगुणा बघ, होडीत एकटी. रात्रभर प्रार्थना करतेय. वादळ आलंय. आता पुढं काय? तर पुढची पानं एकमेकांना जोडलेली! छापखान्यात कापायचीच राहिली. त्या पोरीला मी अशी पाण्यात सोडून उठू? काका पानं कापतील तर वाचेन."

तिळी काय बसते? निघाली. तुरु तुरु तुरु!

शांतवनकाका गल्ल्यावर बसले होते. तोंडात नानकटाई. कुर्रम् कुर्रम्!

"काका, सलाम!
मावशी गोष्ट वाचेना,
दीना हात लावेना,
पुस्तक काही उघडेना,
कण काही मिळेना,
ठिपकी माझी जेवेना!
तेवढी पानं कापा ना!"

काका म्हणाले, "मी नाही बुवा कापणार! मुंगूताई, ऐक. मागं एक गिऱ्हाईक आलं. म्हणालं, मी कापतो बोटानं. टर्रर्र! अर्धं पान इकडं, अर्धं पान तिकडं. राजा या तुकड्यात, घोडा त्या तुकड्यात! तेव्हापासून मी शहाणा झालो. पानं कापायची माझ्या लाकडी पट्टीनं. आणि पट्टी आहे चर्चच्या पाळकबाबांकडे. पाळकबाबा उठतील तर कापेन."

तिळी काय बसते? निघाली. तुरु तुरु तुरु!

पाळकबाबा कोपऱ्यात बसले होते. मांडीवर जाडजूड पुस्तक. उशीएवढं! पुस्तकाचा विषय काय? 'धीर कसा धरावा'. अक्षरं इतकी बारीक, इतकी बारीक, की ओळीखाली लाकडी पट्टी धरून वाचत होते.

"पाळकबाबा, सलाम!
काका पानं कापेनात,
मावशी गोष्ट वाचेना,
दीना हात लावेना,
पुस्तक काही उघडेना,
कण काही मिळेना,
ठिपकी माझी जेवेना!
तेवढं उठा ना!"

"अरे काय हे! कोण ते?" पाळकबाबा दचकले. "धीराचा धडा वाचतोय मी! मला घाई करू नका!"

मग त्यांना तिळी दिसली. ते हसले. म्हणाले, "माझ्या लेकी, मी नाही गं उठणार! पट्टी हलली की ओळ सुटते. ओळ सुटली की पुन्हा पहिल्यापासून. उपासना झाल्यापासून तिसऱ्यांदा वाचतोय! घंटा वाजेल तर उठेन. घंटा झाली की मुलांना शिकवायला जायचंच आहे."

तिळी काय बसते? निघाली. दुकानाबाहेर, रस्त्यापार, चर्चच्या दारात. तुरु तुरु तुरु तुरु तुरु!

घंटा होती उंच. लोंबत होती गप्प.

"घंटाबाई, सलाम!
पाळकबाबा उठेनात,
काका पानं कापेनात,
मावशी गोष्ट वाचेना,
दीना हात लावेना,
पुस्तक काही उघडेना,
कण काही मिळेना,
ठिपकी माझी जेवेना!
तेवढी वाज ना!"

घंटा म्हणाली, "मी नाही बाई वाजणार! मी काय आपली आपण वाजते? योनामामा दोरी ओढतील तर वाजेन."

तिळी काय बसते? निघाली. तुरु तुरु तुरु!

योनामामा घंटेखालीच बसले होते. मिशा एवढ्या मोठ्या! पण मिशा आज खाली वळलेल्या. मामा रुसले होते. मांडीवर पुस्तक होतं. पुस्तकाला कव्हर नव्हतं.

"योनामामा, सलाम!
घंटा काही वाजेना,
पाळकबाबा उठेनात,
काका पानं कापेनात,
मावशी गोष्ट वाचेना,
दीना हात लावेना,
पुस्तक काही उघडेना,
कण काही मिळेना,
ठिपकी माझी जेवेना!
तेवढी दोरी ओढा ना!"

योनामामा म्हणाले, "मी नाही बुवा ओढणार! इथं जो तो आपलं आपलं वाचतो. माझं कुणी ऐकतं का? मला वाचायचं असतं मोठ्ठ्यानं! सकाळी बकरी बसली ऐकायला. मी खूश! अर्धी गोष्ट ऐकली, कव्हर खाल्लं आणि गेली निघून. आता कुणी माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकेल, तर दोरी ओढेन."

आता कोण ऐकेल?

पाळकबाबा? छे! ते धीराच्या धड्यात.
काका? छे! ते नानकटाईत.
मावशी? छे! ती वादळात.
दीना? छे! ती स्टुलावर झुल् झुल्.

तिळीनं इकडं बघितलं. तिळीनं तिकडं बघितलं. मग ती म्हणाली,

"मामा, मी ऐकू?"

"तू? तू तर घाईत आहेस!"

"आहे की! खूप घाईत आहे!"

असं म्हणाली आणि तिळी चक्क बसली. सगळे पाय पोटाशी घेतले. मिशा ताठ केल्या. ऐकायला लागली.

योनामामा खाकरले. हम्म! हम्म! "एक होता मेंढपाळ. त्याची होती मेंढरं. खूप, खूप मेंढरं. संध्याकाळ झाली. मेंढपाळानं बघितलं. एक कोकरू कमी!"

"अगंबाई!" तिळी म्हणाली. "गेलं कुठं?"

"ऐक तर! मेंढपाळ निघाला. डोंगरावर बघितलं. नाही! ओढ्यात बघितलं. नाही! काट्यांत बघितलं..."

"सापडलं का, मामा? सापडलं का?"

योनामामा खुशीत हलले. कुणी असं विचारलंच नव्हतं त्यांना! एक मिशी वर झाली. दुसरी मिशी वर झाली.

"काट्यांतून आवाज आला. बें! बें! बें! सापडलं! मेंढपाळानं कोकरू खांद्यावर घेतलं. नाचत नाचत घरी आणलं. सगळ्या गावाला जेवण घातलं!"

"एवढ्याशा कोकरासाठी?"

"एवढ्याशा कोकरासाठी!"

"मग माझा एवढासा कण पण सापडेल!" तिळी म्हणाली.

"आमेन!" योनामामा म्हणाले. "आमेन!" तिळी म्हणाली. पुस्तक मिटलं. धप्!

आणि मग? मग काय गंमत!

योनामामांनी दोरी ओढली. हुप्प्!
घंटा वाजली. ढण्ण! ढण्ण! ढण्ण!
पाळकबाबा उठले. "अरे, घंटा झाली!" पट्टी ठेवली. खट्!
काकांनी पट्टी घेतली. पानं कापली. सर्रर्र!
मावशीनं शेवट वाचला. "पोचली गं बाई! सगुणा काठाला पोचली!" मावशी रडली. मावशी हसली. नाक पुसलं. फुर्रर्र!
"चल दीने, आता तुझं पुस्तक!"
दीनानं हात लावला.
पुस्तक उघडलं. फड्!

हत्तीच्या पाठीवर होता कण! पण कसा? चपटा! नानकटाईची झाली होती पोळी!

तिळी आली धावत. रस्त्यापार, दुकानात, टेबलावर. तुरु तुरु तुरु तुरु तुरु! पुस्तकावर चढली. पोळी डोक्यावर घेतली.

मावशी सिंहाच्या आवाजात वाचू लागली, "हॅऽऽव! तारवात सगळे चढले..."

"मावशी, थांब!" दीना ओरडली. "तारवात मुंगी!"

काका धावले. पाळकबाबा दारातून परतले. योनामामाही आले मिशा सावरत. सगळे वाकले पुस्तकावर. डोक्याला डोकं. टक्!

"खरंच की!" मावशी म्हणाली. "मुंगी चढली तारवात!"

"पण एकच?" दीना म्हणाली. "दोन हत्ती, दोन जिराफ, दोन ससे. मुंग्या पण दोन पाहिजेत ना? दुसरी कुठं आहे?"

सगळे शोधू लागले. काकांनी गल्ल्याखाली बघितलं. नाही! पाळकबाबांनी चष्म्यामागं बघितलं. नाही! योनामामांनी मिशीत बघितलं. नाही, नाही, नाही!

इतक्यात टेबलाच्या पायाकडून बारीकसा आवाज आला,

"तायडेऽऽ! भूक लागली!"

तुरु. तुरु. तुरु. आली ठिपकी! टेबलावर चढली. पुस्तकावर चढली. तिळीच्या शेजारी उभी राहिली.

"दोऽऽन!" दीनानं टाळ्या वाजवल्या. "झाली जोडी!"

तिळीनं पोळी मोडली. अर्धी ठिपकीला. अर्धी आपल्याला.

ठिपकीनं घास घेतला. कुर्रम्! डोळे मिटले. डोळे उघडले.

"तायडे, याला म्हणतात गोड?"

"हो गं ठिपके. याला म्हणतात गोड!"

"घ्या मावशी!" काका म्हणाले. "पुस्तक घ्या. ही जोडी त्यावर फुकट!"

"काका, तुमची हुशारी पुरे!" मावशी हसली. पण पुस्तक घेतलं बरं का!

योनामामा म्हणाले, "आता माझी गोष्ट ऐकायला कोण येणार?"

"मी!" दीना म्हणाली. "मी!" तिळी म्हणाली. तोंडात घास घेऊन ठिपकी म्हणाली, "म्मी!"

तेव्हापासून दीना पुस्तक धप्पकन मिटत नाही. आधी वाकून बघते. विचारते, "आत कुणी राहिलंय का?" मग हळूच फुंकर मारते. मगच म्हणते 'आमेन'.

चला, आपलंही पुस्तक मिटूया. थांबा, थांबा! आधी बघा वाकून.

आत कुणी राहिलंय का?

नाही?

मग मारा फुंकर.

फूऽऽऽ!

आमेन!

धप्!