तेरावा महिना

एका नगरीत एक मोठी प्रवासी कंपनी होती. जत्रा-यात्रांच्या जादा गाड्यांसाठी तिचं नाव होतं. तिच्याकडे खोलीभर आकाराचा एक संगणक होता आणि प्रत्येक खिडकीवर त्याचा एकेक पडदा. खिडकीवरच्या बाईंनी जत्रेचा महिना आणि तिथी टाकली, की लगेच तिकीट निघे. टाकलेला महिना वर्षातला कितवा, ते मोजून सांगणारा 'पंचांग' नावाचा प्रोग्राम दिगंबर लोहोकरे यांनी लिहिला होता. त्याबद्दल मिळालेलं मानपत्र त्यांच्या टेबलामागे टांगलेलं असे.

त्या वर्षी, पंचांग लिहिल्यापासून पहिल्यांदाच, अधिक महिना आला, अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्याच्या यात्रेची तिकिटं एकाच खिडकीवर मिळत, आणि तिथे मालनबाई बसत. त्यांच्या तिकिटांवर गाडी छापून आली चैत्रातली. चैत्र तर कधीच सरला होता. माणसं गाठोडी घेऊन स्थानकावर उभी राहिली आणि गाडी काही आली नाही.

मॅनेजरसाहेबांनी संगणक तपासला. श्रावण टाकला, मार्गशीर्ष टाकला, उत्तर चोख आलं. मग चूक बाईंच्या बोटांची, असं ठरलं. सोमवारपासून त्यांना घरी बसवायचं होतं.

मालनबाई लोहोकऱ्यांकडे गेल्या. म्हणाल्या, "साहेब, मी दाबलं ते बरोबर दाबलं. तुमचं यंत्र मला खोटं पाडतंय."

गुळाची ढेप किडकी निघाली की गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं, दुकानदार गाडीवानाशी. पण ढेप ज्या वाटेनं आली त्या वाटेनं उलटं गुऱ्हाळापर्यंत चालत जावं लागतं, तेव्हा खरं कळतं. लोहोकऱ्यांनी तेच केलं. त्यांनी संगणकाला माग लावला. आता प्रत्येक प्रोग्रामनं कागदावर लिहून द्यायचं, की मला कोणी बोलावलं, काय दिलं आणि मी काय परत केलं. मग त्यांनी मालनबाईंनाच खिडकीवर बसवलं आणि अधिक ज्येष्ठ टाकायला सांगितलं.

लांबलचक कागद बाहेर आला. लोहोकरे तो खालून वर वाचत गेले. तिकिटाच्या प्रोग्रामनं मिळालं तेच छापलं होतं. गाडीच्या प्रोग्रामनं मागितली तीच गाडी दिली होती. मागितलेला महिना होता पहिला. तो पहिला कोणी सांगितला?

पंचांगानं. त्याला बाराच महिने ठाऊक होते. अधिक महिना तेरावा धरला गेला, आणि बारा संपले म्हणून त्यानं पुन्हा एकपासून मोजलं.

कागदाची ती एक ओळ फाडली असती तर कुणाला कळलं नसतं. लोहोकऱ्यांनी तिच्याभोवती लाल गोल केला आणि कागद मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला.

साहेब हळूच म्हणाले, "तुमचं नाव कशाला? यंत्र बिघडलं होतं म्हणू."

"यंत्र धड आहे. चूक माझी आहे. बाईंची बोटं बरोबर होती, तेवढं सगळ्यांसमोर सांगा."

साहेबांनी सांगितलं. मालनबाई हसून म्हणाल्या, "दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो माझ्याच खिडकीवर आला होता म्हणायचा."

लोहोकऱ्यांनी पंचांगाला तेरावा महिना शिकवला. मग भिंतीवरचं मानपत्र उतरवलं आणि त्याच खिळ्याला तो लाल गोलाचा कागद टांगला. कोणी नवं माणूस आलं की ते ताठ मानेनं तो दाखवत आणि म्हणत, "हे माझं खरं मानपत्र."

तात्पर्य: चूक कुठून आली याचा माग काढायला निघालात तर तो आपल्या उंबऱ्याशी आल्यावर थांबवू नका; जो स्वतःच्या दारातही शिरून पाहतो, त्यालाच आपल्या कामाचा अभिमान शोभतो.