खडकावरचं चिकट शेवाळ

शेवाळाला वाचा होती तेव्हाची गोष्ट. जाळं झटकताना चांगुणा कोळीण रोज खेकसायची, "मेलं शेवाळ, किती चिकटतं!"

एकदा तिला हार्ट अटॅक आला. हृदयाची एक भिंत निकामी होऊन पातळ पडली. डॉक्टरांनी शेवाळातून काढलेला रस सुईने त्या भिंतीत सोडला. आत जाताच तो घट्ट झाला.

"जाळ्यावरची घाण माझ्यात?" हृदय चिडलं.

"चिकटून राहणं हीच आमची विद्या," रस ताठ मानेने म्हणाला. "तू ठोके मार, भिंत मी धरतो."

काही महिन्यांनी भिंत सावरली, तेव्हा रस निमूट विरघळून गेला.

चांगुणा पुन्हा किनाऱ्यावर आली आणि जाळं झटकत ओरडली, "मेलं शेवाळ, किती चिकटतं!"

खडकावरचं शेवाळ शेजारच्या कालवाच्या शिंपल्याला म्हणालं, "ऐकलंस? केवढा खणखणीत आवाज! त्यातला जोर आमचा आहे."